चुकारा

कापूस विकून हाती येतो त्या पैशाला आमच्या भागात चुकारा म्हणतात. शहरातल्या वाचकाला हा शब्द कदाचित ठाऊक नसेल म्हणून आधीच सांगून टाकतो. नोकरदाराचा पगार वर्षातून बारा वेळा होतो. आमचा चुकारा वर्षातून एकदा, फार तर दोनदा. मधले दिवस कशावर काढायचे, याचीच ही सगळी कहाणी आहे.

माझं गाव हिंगणघाटपासून आठ मैलांवर. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, म्हणजे १९७० च्या आसपासची गोष्ट. कापसाची बंडी भरायची म्हणजे आम्हा पोरांचा सण. मोठी माणसं टोपल्यांनी कापूस टाकत आणि आम्ही बंडीत चढून तो तुडवत असू. पाय मऊ मऊ आत जायचे आणि अंगभर खाज सुटायची. रात्रीचं जेवण करून बाबा बैल जुंपायचे, बंडीखाली कंदील टांगायचे आणि निघायचे. पहाटे हिंगणघाटला पोचायचे. अडत्या बंडीतून मूठभर कापूस ओढून बघायचा, बोटांनी धागा लांबवायचा, तोंड वाकडं करायचा आणि भाव सांगायचा. कापूस कितीही पांढराशुभ्र असो, त्याचं तोंड वाकडं व्हायचंच.

संध्याकाळी बंडी परत यायची ती भरून. गुळाची ढेप, तेलाचा पिपा, मायसाठी लुगडं, आजीसाठी लुगडं, आत्यासाठी पातळ, आम्हाला चड्ड्यांचं कापड, बैलांना घुंगरमाळा, कंदिलाची काच आणि तेलानं पारदर्शक झालेल्या कागदात जिलेबी. आख्खी गल्ली गोळा व्हायची. बाबा ओट्यावर बसून सगळ्यांना जिलेबीचा एकेक वेढा द्यायचे. त्या दिवशी ते मालगुजारासारखे दिसायचे.

सगळे पांगल्यावर माय चुलीपाशी बसून विचारायची, "किती उरले जी?"

"उरले म्हंजे? आत्ता तं आले!"

दरवर्षी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. चार दिवसांत किराणावाल्याचं मागच्या वर्षीचं खातं मिटायचं, सालदाराचं देणं जायचं, कोणाचं हातउसनं परत व्हायचं. होळीपर्यंत त्याच किराणावाल्याच्या वहीत आमच्या नावाचं नवं पान उघडलेलं असायचं. माय शाळेत गेली नव्हती. पण उधारीनं काय काय आणलं त्याच्या चुन्याच्या रेघा ती भिंतीवर ओढून ठेवायची. दिवाळीच्या सारवणापर्यंत भिंत निम्मी भरायची. बाबांना त्या रेघा आवडत नसत. "भितीवर कर्ज कायले लिवतं?" म्हणायचे.

पुढे दहावी झालो, शेतीला लागलो, आणि वाचायचा नाद लागला. तेव्हा कळलं, की आमच्या घरात दर हिवाळ्यात जे घडत होतं ते या मुलखात शंभर वर्षं आधी फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलं होतं.

हिंगणघाटचं नाव एके काळी इंग्लंडच्या बाजारात चालत होतं. इथल्या बनी जातीच्या कापसाचा धागा लांब आणि मऊ. देशी कापसात त्याला मान होता आणि गावाच्या नावानंच तो ओळखला जाई. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळे हिंदुस्थानाकडे वळले. कापसाला सोन्याचे दिवस आले. वऱ्हाड आणि आमचा मध्यप्रांत इथे इंग्रजांनी पुढे कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला, रिव्हेट-कार्नाक नावाचा. १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटकडे, पुढे वरोऱ्याकडे रेल्वे आली. तिचं एक मोठं कारण कापूस, दुसरं वरोऱ्याचा कोळसा.

त्या तेजीत मध्यप्रांतातल्या काही शेतकऱ्यांनी नांगराचे फाळ चांदीचे केले, बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. हे मी पदरचं सांगत नाही. फोर्सिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७१ च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. मला इंग्रजी येत नाही. वर्ध्याच्या एका प्राध्यापक मित्रानं ते वाचून दाखवलं. तो हसत होता, मला मात्र हसू आलं नाही. मला बाबांनी आणलेल्या घुंगरमाळा आठवल्या. चांदीच्या फाळानं जमीन नांगरता येत नाही हे त्या माणसाला समजत नसेल असं मला वाटत नाही. जन्मभर ज्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही, त्याला एकदा तरी वाटतं की गावानं आपली बंडी बघावी.

१८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. मुंबईत शेअरबाजार बुडाला. बॅक बे कंपनीच्या शेअरवर उड्या मारणारे मोठमोठे शेठ धुळीला मिळाले. त्यांत प्रेमचंद रायचंद होते. तेजीच्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी दिलेला पैसा तेवढा टिकला. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर अजून उभा आहे. आमच्याकडच्या चांदीच्या धावांचं काय झालं ते कोणी लिहिलं नाही. पण ते सांगायला पुस्तक लागत नाही. त्या सावकाराकडे गेल्या असतील, वजनावर.

दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. ते लोण नगरकडे पसरलं. सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. तेव्हा साहेबांत आणि शिकलेल्यांत एक मत पक्कं होतं, की कुणबी लग्नात पैसा उधळतो म्हणून बुडतो. आयोगानं मात्र खाती तपासली आणि वेगळंच लिहिलं. लग्नाच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून नको तेवढं महत्त्व दिलं गेलं आहे, पोटाला धान्य, बियाणं, बैल, सरकारी सारा असल्या पुन्हा पुन्हा लागणाऱ्या किरकोळ गरजांसाठी काढलेली रक्कमच कर्ज जास्त फुगवते, अशा अर्थाचं.

मित्रानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला दोनदा वाचायला लावलं. मला मायच्या भिंतीवरच्या रेघा दिसत होत्या. एकही रेघ लग्नाची नव्हती. तेल, मीठ, चहापत्ती, पेरणीचं बियाणं. प्रत्येक रेघ बोटभर, आणि भिंत निम्मी भरलेली.

हे सांगायचं कारण असं, की शेतकऱ्याला खर्चावरून उपदेश करणारे फार भेटतात. एका मेळाव्यात एक साहेब आले होते. पंख्याखाली बसून त्यांनी आम्हाला अर्धा तास सांगितलं की दारू आणि लग्न सोडा, श्रीमंत व्हाल. मागे बसलेला एक म्हातारा म्हणाला, "साहेब, मी तं दारू पेत नाई, लगीनबी नाई केलं. मंग माह्या पैसा कुठं गेला?" सगळे हसले. साहेबही हसले, पण उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. कापसाला भाव मिळाला नाही तर काटकसर करून कोणी बंगला बांधत नाही, एवढं मीही मानतो. १९८० नंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं आम्हाला तेच शिकवलं, आणि त्या शिकवणीचा मला अभिमान आहे. पण भाव मिळाला त्या वर्षी आपण काय केलं, हा प्रश्न उरतोच. तो दुसऱ्यानं विचारला की राग येतो, म्हणून मी स्वतःलाच विचारतो.

आमच्या आज्यानं मंदीचा काळ पाहिला होता. १९३० नंतर कापसाचा भाव इतका पडला, की आजा सांगायचा, वेचणीचे पैसे निघत नव्हते. मध्यप्रांताच्या सरकारनं १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा केला. सावकार आणि कुळ यांना समोरासमोर बसवून कर्ज कमी करायचं आणि हप्ते बांधून द्यायचे. आज्याचं कर्ज असंच मिटलं. हप्ते फेडता फेडता आजा असा घट्ट झाला, की मरेपर्यंत त्यानं कधी उधार घेतलं नाही. बिडीसुद्धा रोख. त्यानं बारा वर्षांत पै पै जोडून वणा नदीच्या काठचं चार एकराचं वावर घेतलं. काळीभोर जमीन, ढेकूळ हातात घेतलं तर लोण्यासारखं फुटायचं.

आजा १९७८ मध्ये गेला. आणि ज्या माणसानं बिडी उधार घेतली नाही त्याची तेरवी आम्ही कर्ज काढून केली.

तेरवी म्हणजे तेराव्याचं जेवण. आमच्या भागात पाच गावं जेवायला बोलवायची रीत होती. बाबांना भाऊकीनं घेरलं. "एवढा मोठा माणूस गेला, बुंदी नाई वाढली तं लोक काय म्हंतीन?" बुंदी झाली, वरण-भात झाला, वांग्याची भाजी झाली, दोन दिवस पंगती उठल्या. वणेकाठचं वावर गहाण पडलं. पुढच्या दोन हंगामांत पाऊस नीट झाला नाही, आणि ते सुटलं नाही. आज्यानं बारा वर्षांत जोडलेलं दोन दिवसांत लोकांच्या पानात गेलं. आयोगाचं म्हणणं खरं असेल, लग्नकार्य हे कर्जाचं मूळ नसतं. पण आधीच पोखरलेल्या झाडाला एक वारा पुरतो.

गंमत म्हणजे याच विदर्भात हे सगळं सांगून झालं होतं. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ चा. त्यांनी लहानपणी मामाकडे राहून शेती केली आणि मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना पाहिली. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूऐवजी त्यांनी गोड जेवण वाढलं तेव्हा नातलग रुसले होते. पुढे जन्मभर कीर्तनातून हेच, कर्ज काढून सण करू नका, ताट नसेल तर हातावर भाकर घ्या, पण पोराला शाळेत घाला. तुकडोजी महाराजांनी १९५५ मध्ये ग्रामगीता लिहिली, तिच्यात लग्नावर आणि अंत्यसंस्कारावर वेगळे अध्याय आहेत. आमच्या घरी ग्रामगीता होती. आज्याच्या तेरवीच्या दिवशीही ती देव्हाऱ्याशेजारी होती, आणि तिच्यावर हळद-कुंकू वाहिलेलं होतं.

तिसरा माणूस लोकांना कमी ठाऊक आहे. जे. सी. कुमारप्पा. परदेशात शिकलेला हिशेबतपासनीस. गांधीजींनी १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला आणि तो कुमारप्पांच्या हाती दिला. मगनवाडीत बसून हा माणूस घाणी, चक्की, गूळ, कागद यांचा हिशेब मांडायचा. त्यांचं म्हणणं मला समजलं ते असं. तुम्ही एखादी वस्तू विकत घेता तेव्हा नुसती वस्तू घरात येत नाही, पैसा एका वाटेनं निघतो. तो गावात फिरतो की कायमचा बाहेर जातो ते बघा.

शेतकऱ्याला हे समजायला पुस्तक नको. आमच्या लहानपणी घरची जवस तेल्याच्या घाणीवर जायची. तेल घरी यायचं, पेंड बैलांना जायची, तेल्याला त्याची मजुरी. मग डबाबंद तेल आलं. जवस पेरणं बंद झालं. तेल विकत, बैलांसाठी पेंडही विकत. कापसाचं तर याहून पुढचं. आम्ही सरकीसकट कापूस विकतो आणि त्याच सरकीची ढेप पोत्यानं विकत आणतो. घरी ज्वारी होती तोवर भाकर होती आणि कडबाही होता. सोयाबीन आलं, चार पैसे रोख आले, कडबा गेला. मग चारा विकत, म्हणून जनावरं कमी, जनावरं कमी म्हणून शेणखत कमी, शेणखत कमी म्हणून युरिया जास्त. यातली एकही गोष्ट उधळपट्टी म्हणता येणार नाही. कोणी जिलेबी खाल्ली नाही. पण प्रत्येक वळणावर घरातली एक वस्तू दुकानात गेली.

कापडाचंही तसंच. माझ्या लग्नात मी टेरिकॉटची पँट घातली होती. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात सुती धोतर फक्त आज्याच्या फोटोत उरलं होतं. १९८५ च्या वस्त्रधोरणानं कृत्रिम धाग्याला झुकतं माप दिलं तेव्हा शेतकरी संघटनेनं त्या कापडावर बहिष्कार टाकायला सांगितलं. मी सभेला गेलो, टाळ्या वाजवल्या आणि घरी येताना लक्षात आलं की अंगात टेरिकॉटच आहे.

आता सरकारी खरेदीबद्दल थोडं. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस फक्त सरकारला विकायचा. तिच्यावर मी खूप शिव्या दिल्या आहेत. ग्रेडर, रांगा, महिनोन्महिने रखडलेले चुकारे. पण म्हातारपणी एक गोष्ट कबूल करतो. पैसा हप्त्यांनी यायचा, आणि त्यातून काही टक्के भांडवल निधीत कापून घेतले जायचे. भाव पडेल त्या वर्षासाठी चढउतार निधी म्हणून वेगळी गंगाजळी होती. ती योजना पुढे तोट्यात गेली, बुडाली, त्याची कारणं वेगळी. पण चांगल्या वर्षाच्या पैशातून वाईट वर्षाचा वाटा आधी बाजूला काढायचा, हा विचार सरकारला सुचला होता. माझ्या घरात तो सुचायला आणखी चाळीस वर्षं लागली.

माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. २०१०-११ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ३,००० रुपये होता आणि बाजार सहा हजारांच्या घरात गेला, काही दिवस वरही. माझा पस्तीस क्विंटल कापूस सरासरी ५,९०० रुपयांनी गेला. दोन लाख साडेसहा हजार. एवढा पैसा मी एकत्र कधी पाहिला नव्हता. तेव्हा माझ्यावर बँकेचे ४६,००० रुपये थकले होते. २००८ ची केंद्राची कर्जमाफी पाच एकरांच्या आतल्यांना पूर्ण होती. माझं नऊ एकर. मला थोडीच सूट, तीही उरलेली रक्कम भरली तर. मी रागानं काहीच भरलं नाही. पुढे सगळंच माफ होईल असं गावात सगळे म्हणत होते.

चुकारा आला तेव्हा बायको म्हणाली, "आधी बँकेचे देऊन टाका जी." मी म्हणालो, "बँक कुठं पळून चालली?" पोराला मोटरसायकल घेतली, ५२,००० ची. घराच्या पुढच्या बाजूला स्लॅब आणि लोखंडी फाटक, त्यात साठ हजार. पुतणीच्या लग्नात आहेर. टीव्ही. सालदार, किराणा, मजुरी. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर घरात अकरा हजार होते. फाटक मात्र देखणं होतं. आज्याच्या जमान्यात असतो तर बंडीला चांदीच्या धावा बसवल्या असत्या.

बँक कर्ज देईना, कारण मी थकबाकीदार. मग बियाणं, खत, औषधं एका दुकानातून उधारीवर उचलली, ३८,००० रुपयांची. अट दोन रुपये शेकडा महिना आणि कापूस त्यानं सांगितलेल्या व्यापाऱ्यालाच घालायचा. त्या वर्षी मी पहिल्यांदा हिशेब मांडला, आणि तो मांडायला लावला बायकोनं. जून ते जानेवारी, सात महिन्यांचं व्याज ५,३२०. कापूस झाला तीस क्विंटल. तो बाजारापेक्षा दीडशे रुपये क्विंटलमागे कमी भावानं गेला, त्याचे ४,५००. एकूण ९,८२०. म्हणजे अडतीस हजारांच्या मालावर सात महिन्यांत शेकडा पंचवीसच्या वर. दुकानदाराला मी दोष देत नाही, त्याचा तो धंदा. त्याच सुमारास बँकेचं पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला शेकडा चार वर्षाला पडत होतं, राज्याची सवलत धरली तर त्याहून कमी. एका फाटकापायी मी शेकडा चारच्या दारातून उठून शेकडा पंचवीसच्या दारात जाऊन बसलो होतो.

बायकोचा बारा जणींचा बचतगट होता, महिन्याला पन्नास रुपयांचा. मी त्याला चहाची भिसी म्हणायचो. पुढच्या पेरणीला तिनं गटातून वीस हजार काढले आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "खत रोखीनं आना. अन् पावती मले द्या." गटाचं व्याजही दोन रुपये शेकडाच होतं. मी म्हणालो, मग फरक काय? ती म्हणाली, "हे व्याज फिरून आमच्याच गटात येते. अन् कापूस कुठं इकाचा ते तुमचं तुमी ठरवा." कुमारप्पांचं नावही तिनं ऐकलेलं नाही.

तिथून घराची रीत बदलली. काही फार मोठं केलं नाही. चुकारा आला की तो घरात न आणता बँकेत, आणि त्याच आठवड्यात चार चिठ्ठ्या: पहिली बँकेची थकबाकी, दुसरी पुढच्या पेरणीची, तिसरी धान्य-किराण्याची वर्षभराची, चौथी वावराची. मग उरेल ते घराचं, हौसेचं, सोयऱ्याधायऱ्याचं. आधी हे नेमकं उलटं होतं. थकबाकी २०१३ मध्ये मिटली, तेव्हापासून दर वर्षी ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरतो. तुरीची डाळ घरी करतो, एक एकर ज्वारी पुन्हा पेरतो, तिच्यावर दोन गाई उभ्या आहेत. चौथ्या चिठ्ठीतून तीन वर्षांत विहीर खोल केली आणि पाइप टाकला. मुलगा कुरकुरला. त्याला मोबाइल हवा होता, तो त्याला दोन वर्षं उशिरा मिळाला. सुनेचं मत मात्र आम्हा दोघांपेक्षा कडक आहे. ती हिशेब मोबाइलमध्येच लिहिते.

२०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी आली. बोंड फोडलं की आत अळी आणि सडका कापूस. विदर्भभर हाहाकार झाला. माझा निम्मा कापूस गेला. त्या वर्षी चिठ्ठ्यांचा काही उपयोग झाला नाही, चिठ्ठीत टाकायलाच काही नव्हतं. पण मागच्या वर्षीच्या दुसऱ्या चिठ्ठीतले पैसे शिल्लक होते, म्हणून उधारीच्या दुकानाची पायरी चढावी लागली नाही. माझ्यासारखंच वावर असलेले दोघे शेजारी त्या वर्षी जमीन विकून मोकळे झाले. ते माझ्यापेक्षा जास्त उधळे होते असं मी म्हणणार नाही. एकाच्या घरी दवाखाना होता. काटकसर दवाखान्यापुढे टिकत नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

२०२१-२२ मध्ये पुन्हा तेजी आली. हमीभाव ६,०२५ आणि हिंगणघाटच्या बाजारात कापूस दहा हजारांवर. गावात त्या उन्हाळ्यात तीन चारचाक्या आल्या. माझा हात शिवशिवला नाही असं नाही. पण पैसे चिठ्ठ्यांप्रमाणे गेले, आणि पहिल्यांदाच पाच वर्षांची मुदत ठेव झाली, बायकोच्या नावानं. वणेकाठचं आज्याचं वावर परत घ्यावं असं मनात होतं. चौकशी केली. हायवे आणि हिंगणघाट जवळ आल्यापासून तिथला भाव एकरात सांगत नाहीत, चौरस फुटात सांगतात. ज्यांच्याकडे ते होतं त्यांनीही ते विकलं, आता तिथे लेआउटचे दगड रोवले आहेत. मी बांधावर थोडा वेळ बसलो, एक ढेकूळ हातात घेऊन फोडलं आणि परत आलो.

माय २०१९ मध्ये गेली, ब्याण्णव वर्षांची होऊन. भाऊकी जमली. तेच बोलणं, चाळीस वर्षांनी, नवी तोंडं. मी म्हणालो, घरची माणसं आणि मायला ज्यांनी खांदा दिला ते जेवतील, बाकी नाही. तिच्या नावानं गावच्या शाळेला पाण्याची टाकी देतो. दोन घरं वर्षभर आमच्याशी बोलली नाहीत. सगळ्यांत जास्त रागावलेला माझा चुलतभाऊ गेल्या पावसाळ्यात आला, ओट्यावर बसला, बराच वेळ पावसापाण्याचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, "दादा, ते चार चिठ्ठ्याचं कसं करतेत तुमी, मले लेहून द्या बरं."

लिहून दिलं. त्याच कागदामागे माझ्या तेरवीचंही मी पोरासाठी लिहून ठेवलं आहे, किती माणसं आणि काय जेवण. बायकोनं ते वाचून घेतलं आणि म्हणाली, सगळं बराबर हाय, पण बुंदी राहू द्या, थोडीशी.

त्यावर आमचा अजून निकाल लागलेला नाही.